परदेशी निघालात? मग मोत्याचे काय?

नोकरीचे पत्र येते, व्हिसाचा शिक्का बसतो, मुलांच्या शाळेचे दाखले निघतात, फ्रिज आणि दिवाण कोणाला द्यायचे तेही ठरते. आणि मग कोणीतरी, बहुधा घरातले शेंडेफळ, विचारते, ‘मोत्याचे तिकीट काढले का?’ रुजू व्हायला जेमतेम महिना उरलेला असतो आणि कुत्र्याच्या कागदपत्रांना लागतात निदान चार महिने.

हे चार महिने येतात कुठून? आपल्याकडे रेबीज अजून हटलेला नाही, हे त्याचे सरळ कारण. युरोपीय संघ आणि ब्रिटन यांच्या सवलतीच्या यादीत भारत नाही. तिकडे जाणाऱ्या कुत्र्याला किंवा मांजराला आधी कातडीखाली मायक्रोचिप बसवावी लागते. तांदळाच्या दाण्याएवढी ही चिप, तिच्यात पंधरा आकडी क्रमांक असतो. मग रेबीजची लस. लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त काढायचे आणि ते त्या देशांनी मान्य केलेल्या प्रयोगशाळेत पाठवायचे. रक्तातील प्रतिकारशक्तीचे मोजमाप मिलिलिटरला ०.५ आंतरराष्ट्रीय एकक किंवा अधिक भरले, म्हणजे पास. पण तेवढ्याने सुटका नाही. रक्त काढल्या तारखेपासून पुढे तीन महिने थांबावे लागते.

आधी चिप, मग लस

बहुतेकांची गाडी इथेच अडते. कुत्र्याला दरवर्षी लस दिलेली असते, पुस्तकात डॉक्टरांच्या सह्याही असतात. पण चिप बसवण्यापूर्वी दिलेली लस मोजली जात नाही. ती लस याच प्राण्याला दिली, याला पुरावा काय, असा तिकडचा सवाल. चिप आणि लस एकाच दिवशी चालते. उलटा क्रम चालत नाही. म्हणूनच घरात परदेशाची नुसती चर्चा सुरू झाली, तरी चिप बसवून घेणे शहाणपणाचे. बेत फिसकटला तरी नुकसान नाही. हरवलेला कुत्रा ओळखायला ती कामी येतेच. शिवाय एकदा रक्ततपासणीत पास झालेल्या प्राण्याची लस वेळच्या वेळी, एकही खंड न पडता दिली, तर युरोपसाठी ती तपासणी पुन्हा करावी लागत नाही.

दुसरा खोडा पाच दिवसांचा. ‘मी पुढे जातो, मोत्या मागाहून येईल,’ असे घरचा कर्ता म्हणतो. पण मालकाचा प्रवास आणि प्राण्याचा प्रवास यांत पाच दिवसांहून अधिक अंतर पडले, तर युरोप आणि ब्रिटन त्याला घरचा प्राणी न मानता व्यापारी आयात मानतात आणि नियम आणखी कडक होतात. पत्नी आणि मुले नंतर जाणार असतील, तर कागदपत्रे पत्नीच्या नावाने केलेली बरी.

ब्रिटनला कुत्र्याने विमानातून मालवाहतुकीच्या नोंदीनेच यावे लागते. पोहोचण्यापूर्वी २४ ते १२० तासांच्या आत पट्टकृमींचे औषध दिल्याची डॉक्टरांची नोंदही लागते. जाच वाटेल खरा, पण २०११ सालापर्यंत तिथे भारतातून गेलेल्या कुत्र्याला सरसकट सहा महिने विलग ठेवत असत.

अमेरिकेने १ ऑगस्ट २०२४ पासून नियम बदलले. कुत्रा किमान सहा महिन्यांचा हवा, चिप हवी आणि भारतासारख्या देशात लस घेतलेला कुत्रा ठरावीक विमानतळांवरच उतरू शकतो. रक्ततपासणीचा दाखला नसेल, तर २८ दिवस विलगीकरण, तेही मालकाच्या खर्चाने. मांजरांवर मात्र अमेरिकेच्या केंद्रीय यंत्रणेची रेबीज लसीची सक्ती नाही. जपानमध्ये थांबण्याचा काळ १८० दिवसांचा. ऑस्ट्रेलिया तर भारतातून थेट कुत्रा घेतच नाही. आधी मान्यताप्राप्त देशात न्यावे लागते. तिथे वशिला चालत नाही. २०१५ मध्ये अभिनेता जॉनी डेप आणि अँबर हर्ड यांचे दोन यॉर्कशायर टेरियर खासगी विमानातून गुपचूप आले, तेव्हा ‘परत न्या, नाहीतर मारून टाकू’ असे मंत्र्यांनी सुनावले होते.

पिंजऱ्याची सवय

प्राण्याला उभे राहता, वळता आणि ऐसपैस पडता येईल एवढा पिंजरा हवा. तो निघायच्या आदल्या दिवशी आणू नये. महिनाभर आधी आणून दार उघडे ठेवावे आणि जेवण आत द्यावे. मग तो त्याला आपले घर वाटू लागतो. गुंगीचे औषध मात्र देऊ नये, उंचीवर श्वास आणि रक्तदाब दोन्हींना धोका असतो. मोबाइलच्या जाहिरातीने घराघरांत पोहोचलेला पग, बुलडॉग, पर्शियन मांजर अशा चपट्या नाकाच्या जाती अनेक विमान कंपन्या घेत नाहीत. आणि मिठूचा तर प्रश्नच नाही. देशी पोपट पाळणे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने मुळातच गुन्हा आहे.

तेरा-चौदा वर्षांच्या, थकलेल्या कुत्र्याला हा प्रवास घडवावा का? आजी-आजोबा इथेच राहणार असतील आणि त्यांना झेपत असेल, तर त्याला ओळखीच्या अंगणात ठेवणे अधिक मायेचे. पण ‘कोणीतरी सांभाळेल’ म्हणून सोसायटीच्या वॉचमनवर सोपवून जाणे म्हणजे त्याला रस्त्यावर सोडणेच.

निघताना मुंबई, दिल्ली, चेन्नई, कोलकाता, बंगळूर किंवा हैदराबाद येथील केंद्र सरकारच्या पशु विलगीकरण कार्यालयाकडून आरोग्य दाखला घ्यावा लागतो. परतताना याच कार्यालयाचे ना-हरकत पत्र आधी हाती हवे. २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धातून भारतीय विद्यार्थी कुत्री-मांजरे छातीशी धरून निघाले, तेव्हा हे पत्र आणायचे कुठून, हा पेच उभा राहिला आणि सरकारने त्यांच्यापुरती नियमांत सूट दिली.