रुसलेली कळ

‘शेलूबाजार’ असें लिहूं जावें आणि पडद्यावर ‘शेलूबजर’ उमटावें, यांत लिहिणाराचा दोष असतोच असें नाहीं. १९८६ सालीं ठरलेल्या इन्स्क्रिप्ट मांडणींत काना इंग्रजी ‘ई’च्या कळीवर आहे. ती एक कळ रुसली कीं रामाचा रम होतो! मिनिटास ३० शब्दांच्या मराठी टंकलेखन-परीक्षेची तयारी करणारा उमेदवार मात्र अशा वेळीं स्वतःच्या बोटांसच बोल लावितो. मंगरूळपीर तालुक्यांतील या गांवाभोंवतीं काळी माती. सोयाबीन-तुरीच्या मळणींत उडालेली धूळ घरांत शिरते, ती कळांच्या फटींतहि जाऊन बसते.

जुन्या यांत्रिक कळफलकांत प्रत्येक कळीखालीं स्वतंत्र खटका असतो. त्यांत एक दांडा, एक स्प्रिंग आणि धातूच्या दोन पट्ट्या. दांडा सामान्यतः ४ मिलिमीटर खालीं जातो. सुमारें २ मिलिमीटरांवरच पट्ट्या एकमेकींस भिडतात. भिडतांना त्या थरथरतात. कांहीं सहस्रांश सेकंदांची ही थरथर यंत्र मोजीत नाहीं. पट्ट्यांवर मळ चढला म्हणजे ती लांबते व एका कान्याच्या जागीं दोन उमटतात. मळ फारच झाला तर एकहि नाहीं. म्हणजे खटका बहुधा मोडलेला नसतो, मळलेला असतो.

प्रथम कळफलकाची तार काढावी. टोपी सरळ वर ओढून कुंचल्यानें धूळ झाडावी. दांडा दाबून धरून फटींत आयसोप्रोपिल अल्कोहोलाचे दोन-तीन थेंब सोडावे व दांडा पन्नास वेळां खालींवर करावा. हा द्रव झटकन् पेट घेतो, तेव्हां जवळ दिवा नको. तो पुरता वाळल्यावांचून तार जोडूं नये. खोबरेल सोडण्याचा मोह अनेकांस होतो. पण तेल धुळीस धरून ठेवतें. पॉलिशपेपर तर मुळींच नको, कारण चांगल्या खटक्याच्या पट्ट्यांवर सोन्याचा पातळ मुलामा असतो.

एवढ्यानें न भागल्यास तार जोडून, फलकाच्या पाठीमागें खटक्याचीं दोन टोकें चिमट्यानें क्षणभर सांधून पाहावीं. अक्षर उमटलें, तर दोष खटक्याचाच. मग तार काढून डाख वितळवावा आणि क्वचितच लागणाऱ्या ‘स्क्रोल लॉक’चा खटका तेथें बसवावा.

रबरी घुमट्यांच्या स्वस्त फलकांत अशा पट्ट्या नसतात. प्लास्टिकच्या पापुद्र्यांवरील वाहक रेघा एकमेकींस टेकतात. तेथें डाखाच्या उष्णतेनें पापुद्राच वितळेल. तुटलेली रेघ चांदीयुक्त वाहक रंगानें जोडावी.

नंतर ‘शेलूबाजार’ पुन्हां लिहून पाहावें. दोन्ही काने एकेकदांच उमटले, म्हणजे टोपी बसवावी.