तळहातावरील विमानें, टेबलावरील रणगाडे

गेल्या दिवाळींतील गोष्ट. मिरा रोडच्या पूर्वेस पूनम सागर म्हणून जी दाट वस्ती आहे, तींत आमचें एकत्र कुटुंब लागून असलेल्या दोन सदनिकांत राहतें. येथें अंगण नाहीं कीं परसबाग नाहीं. तरी इमारतींतील मुलें जिन्याजवळच्या मोकळ्या जागेंत विटा, गोणपाट आणि माती जमवून किल्ला करावयास कधीं चुकत नाहींत. किल्ल्यावर हळीव उगवलें होतें, पायथ्याशीं विहीर होती, महाराज सिंहासनावर विराजमान झाले होते. आणि महादरवाजाबाहेर मावळ्यांच्या पहाऱ्याशेजारीं आमच्या तेरा वर्षांच्या पुतण्यानें आपण स्वतः जोडलेला व रंगविलेला एक रणगाडा आणून उभा केला होता!

"अरे, महाराजांच्या वेळीं हा कोठून आला?" आमच्या मातोश्रींनीं विचारलें.

"आजी, तो राखणीला आहे," मुलगा म्हणाला.

सगळे हसले, आमचे थोरले बंधु मात्र हसले नाहींत. रात्रीं जेवणें झाल्यावर ते आम्हांस म्हणाले, "पैशाचें एक वेळ सोडून द्या. पण ज्या यंत्रानें माणसें मारावयाचीं, तें हौसेनें रंगवून घरांत मांडावें, हें तुम्हांस योग्य वाटतें काय?"

दादांचा हा प्रश्न हंसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. मुलाला हा छंद आम्हींच लावला होता. तेव्हां उत्तराची जबाबदारीही आमचीच. वर्षभर त्या मुलाच्या शेजारीं बसून आम्हीं जें पाहिलें व शिकलों, तें वाचकांपुढें ठेवीत आहों. कारण असा प्रश्न आज पुष्कळ घरांत निघत असेल.

प्रमाण हाच या छंदाचा धर्म

प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं, हीं बाजारांत मिळणारीं तयार खेळणीं नव्हेत. संचाच्या पेटींत प्लॅस्टिकच्या चौकटींना जडलेले शेंदोनशें लहानमोठे भाग असतात. ते एकेक कापून, घासून, जोडून, रंगवून मूळ यंत्राची प्रमाणबद्ध प्रतिकृति सिद्ध करावयाची असते. विमानांसाठीं १:७२ हें प्रमाण फार रूढ आहे. त्याचा हिशेब मोठा सुबक आहे: सहा फुटांचा माणूस बरोबर एक इंचाचा होतो. इंग्लंडमध्यें १९३० नंतरच्या दशकांत या मापाचे लाकडी नमुने होऊं लागले, आणि १९३६ सालीं प्लॅस्टिकचे संचही निघाले. दुसऱ्या महायुद्धांत तर या नमुन्यांना निराळेंच महत्त्व आलें. आकाशांतील विमान आपलें कीं शत्रूचें, हें क्षणांत ओळखण्याची संवय सैनिकांना लागावी, म्हणून १९४२ सालीं अमेरिकेच्या आरमारानें शाळाशाळांतील मुलांकडून याच प्रमाणाचीं लाकडी विमानें करवून घेतलीं. युद्ध संपल्यावर १९५३ मध्यें एअरफिक्स या इंग्रज कंपनीनें स्पिटफायर विमानाचा स्वस्त संच काढला, आणि हा छंद घरोघरच्या मुलांच्या आवांक्यांत आला.

रणगाड्यांचें १:३५ हें प्रमाण मात्र असें हिशेबानें ठरलेलें नाहीं. जपानांतील शिझुओका शहरच्या तामिया कंपनीनें १९६० नंतरच्या दशकाच्या आरंभीं पँथर नांवाच्या जर्मन रणगाड्याचा चालता नमुना काढला. त्याच्या पोटांत मोटर आणि बॅटऱ्या मावल्या पाहिजेत, एवढ्या बेतानें त्याचा आकार ठरविला गेला; मागाहून मोजतां तो मुळाच्या पस्तिसाव्या हिश्श्याएवढा भरला. पुढें जगांतील इतर कारखान्यांनींही तेंच प्रमाण उचललें. एका बॅटरीनें जगाचें माप ठरवावें, ही गंमत आमच्या पुतण्यास फारच आवडली.

हाताचें शिक्षण

पहिला नमुना बिघडला तो आमच्याच हातून. विमानचालकाच्या डोक्यावरील पारदर्शक झांकण बसवावयास आम्ही मोठ्या उत्साहानें पुढें झालों, आणि बोटाला लागलेला चिकट द्रव त्यावर उमटला. हा द्रव म्हणजे डिंक नव्हे. तो प्लॅस्टिकचा पृष्ठभाग विरघळवितो आणि दोन भाग एकजीव करतो. त्यामुळें त्याचा डाग पुसून जात नाहीं. झांकण कायमचें धुरकट झालें. पुतण्या कांहीं बोलला नाहीं. त्यानें फक्त तें झांकण आमच्या टेबलावर आणून ठेवलें. तें अद्याप तेथेंच आहे.

दुसरी शिकवण पावसाळ्यानें दिली. येथून खाडी व समुद्र दोन्ही जवळ; आषाढांत हवा ओलीचिंब असते. अशा दिवसांत गॅलरींत बसून वॉर्निश फवारलें, तों हिरव्या रणगाड्यावर दुधासारखी पांढरी झांक पसरली. वॉर्निशांतील द्रव झपाट्यानें उडून जातांना पृष्ठभाग थंड होतो व हवेंतील बाष्प त्यावर जमतें, हें कारण मागाहून कळलें. तेव्हांपासून आमच्या घरीं फवाऱ्याचें काम उघडीप पाहूनच होतें.

कामाचा क्रम ठरलेला असतो. सर्व भाग साबणाच्या पाण्यानें धुवावयाचे. कारण सांच्यांतून काढतांना लागलेला तेलकटपणा राहिला तर रंग धरत नाहीं. मग पॉलिश पेपरनें सांधे घासावयाचे, फटींत लांबी भरावयाची, अस्तराचा हात द्यावयाचा आणि नंतर रंग. पेणच्या कारखान्यांत गणपतीच्या अंगाचा रंग फवाऱ्यानें देतात, पण डोळ्यांची आखणी कुंचल्यानें, श्वास आवरून करतात. येथेंही तसेंच आहे. मोठे पृष्ठभाग फवाऱ्यानें होतात, पण चालकाच्या पुढील तबकड्या, शिरस्त्राणाचा पट्टा, दाराची कडी हें सारें बारीक कुंचल्याचें काम.

रंगाविषयींची एक गोष्ट तर आम्हांस या वयांत नव्यानें उमजली. मूळ विमानाचा रंग जसाच्या तसा नमुन्यावर दिला, तर तो काळवंडलेला व जड दिसतो. म्हणून त्यांत थोडा पांढरा मिसळावा लागतो. आमच्या गच्चीवरून पूर्वेस राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर दिसतात. जवळ जाऊन पाहावें तर झाडी गर्द हिरवी. येथून मात्र ती निळसर, फिकट दिसते. लहान नमुना म्हणजे दुरून पाहिलेली मोठी वस्तु. तेव्हां मधल्या हवेचाही रंग त्यास दिला पाहिजे. शाळेंतील चित्रकलेच्या तासाला न शिकलेला हा धडा मुलगा डोंगराकडे पाहून शिकला.

खरें आणि खोटें

यानंतर पुतण्यानें नॅट विमानाचा संच मागितला. नॅट हें विमान मुळांतच इतकें चिमुकलें, कीं त्याच्या पंखांचा विस्तार जेमतेम पावणेसात मीटर. १:७२ मध्यें तें मुलाच्या तळहातावर मावतें. फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीतसिंग सेखों यांनीं १४ डिसेंबर १९७१ रोजीं श्रीनगरवर चालून आलेल्या शत्रूच्या विमानांशीं याच जातीच्या विमानांतून झुंज दिली व तींत ते कामास आले. हवाई दलांतील परमवीर चक्राचे ते एकमेव मानकरी. त्यांचेंच विमान करावयाचें, असा मुलाचा निश्चय.

पेटी आली. सांगाडा जोडला, पंख बसले, आणि मग लक्षांत आलें कीं, आंत एकामागें एक अशीं दोन आसनें आहेत! भारतीय हवाई दलानें वापरलेलें नॅट एकासनी होतें. दोन आसनांचा प्रकार इंग्रज हवाई दलानें शिक्षणासाठीं व कसरतींसाठीं वापरला. चूक आमचीच, पेटीवरील चित्र आम्हीं नीट पाहिलें नव्हतें. आम्ही म्हणालों, "असूं दे. केशरी, पांढऱ्या, हिरव्या वर्तुळाचीं चिन्हें लाव. कोणास कळणार आहे?"

मुलगा म्हणाला, "काका, ते एकटेच होते ना?"

आम्ही निरुत्तर झालों. तें विमान त्यानें इंग्रजांच्या कसरतीच्या तुकडीप्रमाणें तांबडें रंगविलें. सेखोंचें विमान अजून व्हावयाचें आहे. त्याजोगा संच मिळेपर्यंत त्यानें त्याची जागा कपाटांत रिकामी ठेविली आहे.

अहिल्यानगरची भेट

उन्हाळ्याच्या सुटींत आम्ही मुलास घेऊन अहिल्यानगरास, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरास, गेलों. तेथें लष्कराच्या चिलखती दलानें १९९४ सालीं स्थापिलेलें रणगाड्यांचें संग्रहालय आहे. रोल्स-रॉइसची जुनी चिलखती मोटर, महायुद्धांतील मॅटिल्डा, व्हॅलेंटाइन व चर्चिल, १९६५ च्या युद्धांत ज्यांचा माज उतरला ते पॅटन, असे कितीतरी रणगाडे तेथें झाडांच्या सावलींत ओळीनें उभे आहेत. सेंच्युरियनपाशीं येऊन मुलगा थांबला. घरीं त्याच्या टेबलावर याच जातीचा नमुना अर्धा जोडून पडला होता. त्याच्या पट्ट्याची एकेक कडी तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी. येथें ती दोन्ही हातांनीं उचलवणार नाहीं एवढी.

"आंत किती माणसें बसत?" त्यानें विचारलें.

"चार."

"आग लागली तर बाहेर यावयाची वाट कोणती?"

तेव्हां आम्हीं त्यास सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांची हकीकत सांगितली. हे पुण्यास १९५० सालीं जन्मले. पूना हॉर्स या पलटणींत दाखल होऊन त्यांस पुरते सहा महिनेही झाले नव्हते, तोंच युद्ध सुरू झालें. १६ डिसेंबर १९७१ रोजीं शकरगड भागांतील बसंतर नदीच्या लढाईंत त्यांच्या सेंच्युरियनला आग लागली. रणगाडा सोडून बाहेर या, असा हुकूम आला. पण तोफ चालते आहे, तोंवर सोडणार नाहीं, असें त्यांनीं बिनतारी यंत्रावरून कळविलें, आणि ते तेथेंच पडले. वय एकवीस. त्यांस मरणोत्तर परमवीर चक्र मिळालें. 'फामागुस्ता' नांवाचा तो रणगाडा याच शहरांतील चिलखती दलाच्या केंद्रांत जतन केलेला आहे.

हकीकत येथें संपत नाहीं. २००१ सालीं अरुणचे वृद्ध वडील, ब्रिगेडियर खेत्रपाल, आपलें जन्मगांव पाहावयास पाकिस्तानांत गेले. लाहोरास ज्या निवृत्त ब्रिगेडियर नासर यांच्या घरीं ते उतरले होते, त्यांनीं मोठा आदरसत्कार केला. आणि निरोपाच्या आदल्या रात्रीं सांगितलें, कीं त्या दिवशीं समोरच्या रणगाड्यांत मीच होतों. आपला मुलगा माझ्या हातून गेला.

मुलगा कांहीं बोलला नाहीं. परतीच्या प्रवासांत मात्र त्यानें एकच विचारलें, "मग त्याचे बाबा काय म्हणाले?" ते रागावले नाहींत, एवढेंच आम्हीं सांगूं शकलों.

दादांचा प्रश्न

सेंच्युरियन पुरा झाला. त्यावर गोळ्यांच्या खुणा व जळाल्याचा काळा रंग दाखवावा, असा मुलाचा आधींचा बेत होता. तो त्यानें सोडून दिला. त्या दिवशीं सकाळीं निघतांना होता तसा, चिखलानें माखलेला, वरचें झांकण उघडें असा तो त्यानें केला. लाकडी पाटावर बसवून खालीं 'फामागुस्ता' एवढेंच लिहिलें. एके दिवशीं दादांनीं चष्मा लावून तें नांव वाचलें व "हें काय?" म्हणून विचारलें. मुलानें सारी हकीकत सांगितली, लाहोरच्या रात्रीसुद्धां. दादा बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, "हा यंदा किल्ल्यावर मांडूं नका. पुस्तकांच्या कपाटांत ठेवा."

दादांच्या प्रश्नाचें पुरतें उत्तर झालें असें आम्हांस म्हणवत नाहीं. आमच्या या मुलुखास युद्ध परकें नाहीं. घोडबंदरचा किल्ला येथून जवळ, आणि खाडीपलीकडे वसई, जी मराठ्यांनीं १७३९ सालीं घेतली. मुलांचा दिवाळींतील किल्लासुद्धां युद्धाचेंच साधन. पण त्यावर कोण झुंजले व कोण पडले, हें आपण मुलांना सांगतों, म्हणून तो नुसतें खेळणें राहत नाहीं. या नमुन्यांचेंही तसेंच आहे. ज्या घरांत हा छंद येईल तेथें वडील माणसांनीं धारदार पात्यावर लक्ष ठेवावें, रंगाचें काम खिडक्या उघडून करवावें, एक नमुना पुरा झाल्यावांचून दुसरी पेटी आणूं नये. आणि आंत किती माणसें बसत, हें मुलानें विचारलें नाहीं तर आपण होऊन सांगावें.