कुठे वाकायचं हे ठाऊक असलेलं लोखंड

नवी गाडी बघायला घरातली चार माणसं शोरूममध्ये गेली, की त्यातलं एक वडीलधारं माणूस हमखास मडगार्डपाशी थांबतं. अंगठ्याने पत्रा दाबून बघतं, बोटाच्या पेराने टकटक करतं आणि मान हलवतं. "डबा आहे रे हा! आमच्या वेळच्या गाड्या बघायला हव्या होत्यास. ठोकली तर नुकसान समोरच्याचं व्हायचं." हे मी इतक्या जाणत्या माणसांच्या तोंडून ऐकलंय की कित्येक वर्षं मलाही ते खरं वाटत होतं. अंगठ्याखाली पत्रा दबतो, हे तर डोळ्यांसमोर दिसतं. त्यात खोटं काय असणार?

मग एका चाचणीची चित्रफीत पाहिली आणि पुढचे कित्येक दिवस तिच्यावरच विचार करत राहिलो.

२००९ सालची गोष्ट. अमेरिकेत 'इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी' नावाची संस्था आहे. विमा कंपन्यांच्या पैशावर ती चालते आणि गाड्या मुद्दाम आदळवून त्यांचा अभ्यास करते. संस्थेला पन्नास वर्षं झाली म्हणून तिने व्हर्जिनियातल्या आपल्या प्रयोगशाळेत एकाच कंपनीच्या दोन गाड्या समोरासमोर उभ्या केल्या. एक १९५९ ची शेव्हर्ले बेल एअर : लांबरुंद, मागे पंख पसरलेली, पाहताक्षणी रणगाड्यासारखी वाटणारी. दुसरी २००९ ची शेव्हर्ले मालिबू : चारचौघींसारखी. दोघींच्या वजनात फारसा फरक नव्हता. दोन्ही गाड्या ताशी ६४ किलोमीटर वेगाने, ड्रायव्हरच्या बाजूचं निम्म्याहून थोडं कमी नाक एकमेकांवर येईल अशा बेताने आदळवल्या.

रणगाडा हरला. बेल एअरचं नाक आत शिरलंच, पण ते तिथे थांबलं नाही. डॅशबोर्ड मागे आला, स्टिअरिंग ड्रायव्हरच्या अंगावर आलं, बसायची जागा कागदाच्या खोक्यासारखी चुरगळली. तिच्यातल्या पुतळ्यावरच्या नोंदी सांगत होत्या, की इथे माणूस असता तर वाचला नसता. मालिबूचंही नाक पार चेचलं, पण दाराची चौकट जागच्या जागी होती. तिच्या ड्रायव्हरचं पायाच्या दुखापतीवर निभावलं असतं.

असं का व्हावं?

ताशी ६४ किलोमीटर वेगाने आदळणं म्हणजे साधारण पाच मजली इमारतीच्या गच्चीवरून खाली पडण्याइतकी ऊर्जा. ती कुठेतरी जिरलीच पाहिजे. माणसाला मारते ती ऊर्जा नव्हे. ती किती कमी अंतरात जिरते, त्यावर मरण अवलंबून असतं. सत्तर किलोचा माणूस या वेगाने येऊन दहा सेंटिमीटरमध्ये थांबला, तर त्याच्या शरीरावर सरासरी अकरा टनांहून जास्त भार येतो. तोच माणूस साठ सेंटिमीटरमध्ये थांबला, तर भार दोन टनांच्या आत उतरतो. छातीवर आणि कमरेवर रुंद पट्टा असेल तर तो भार सोसून माणूस जगू शकतो. उंचावरून टाकलेला आंबा दोघांनी चादर सैल धरून झेलला तर शाबूत राहतो आणि कातळावर पडला तर फुटतो, त्याचं गणित हेच. जगणं आणि न जगणं यांत ते पन्नास सेंटिमीटर असतात.

हे ज्याने ओळखलं तो बेला बारेनी, मर्सिडीज-बेंझमधला ऑस्ट्रियन-हंगेरियन वंशाचा अभियंता. तोवर सगळ्या जगाला वाटायचं, की सुरक्षित गाडी म्हणजे नखशिखांत टणक गाडी. बारेनीने उलट मांडणी केली आणि १९५१ मध्ये तिच्या पेटंटसाठी अर्ज केला : मधली माणसांची खोली भक्कम करा, पण पुढचा आणि मागचा भाग मोडण्यासाठीच बांधा. तो चुरगळेल आणि चुरगळता चुरगळता माणसांसाठी अंतर मिळवून देईल. या विचारावर बांधलेली पहिली मर्सिडीज १९५९ मध्ये रस्त्यावर आली. त्याच वर्षी स्वीडनमध्ये व्होल्वोच्या नील्स बोलीन यांनी बनवलेला तीन ठिकाणी अडकणारा सीट बेल्ट गाडीत बसला. तो इतर कंपन्यांनाही वापरता यावा म्हणून व्होल्वोने त्याचं पेटंट खुलं ठेवलं. बेल एअरही त्याच १९५९ सालची. एका वर्षात जुना विचार आपल्या सगळ्या दिमाखात उभा होता आणि नवा विचार शेजारीच जन्माला येत होता.

आता त्या मधल्या खोलीकडे बघू. पुढच्या आणि मागच्या दाराच्या मधला खांब आजच्या बऱ्याच गाड्यांमध्ये बोरॉन मिसळलेल्या पोलादाचा असतो. हे पोलाद सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत लालबुंद तापवतात आणि साच्यात दाबतानाच झटकन थंड करतात. लोहार कोयत्याला पाणी पाजतो, त्याचंच हे मोठं रूप. असं पोलाद साध्या पत्र्याच्या चार-पाच पट ताण सोसतं. म्हणजे एकाच गाडीत काही लोखंड वाकण्यासाठी निवडलेलं असतं आणि काही न वाकण्यासाठी. कुठला भाग आधी घडी घालेल, कुठला नंतर, कुठला मुळीच नाही, याचा क्रम अभियंत्यांनी आधी ठरवलेला असतो. आपण अंगठ्याने दाबतो तो पाऊण मिलिमीटरच्या आसपासचा पत्रा म्हणजे गाडीचं कातडं. हाडं त्याच्या आत असतात.

या हाडांमध्ये एक मज्जातंतूही आहे. एअरबॅग उघडायची की नाही हे ठरवणाऱ्या यंत्रणेत नखापेक्षा लहान सिलिकॉनची चिप असते. तिच्यात केसाहून बारीक दातांचे कंगवे एकमेकांत गुंतलेले असतात. गाडीला हिसका बसला की एक कंगवा किंचित सरकतो आणि दातांमधलं अंतर बदलल्याने विजेचं माप बदलतं. मोबाइल आडवा केला की पडदा आडवा होतो, त्यामागेही याच जातीची चिप असते. गाडीतली चिप मात्र सेकंदाला हजाराहून अधिक वेळा मोजत असते. खड्डा, स्पीड ब्रेकर, फुटपाथला घासलेलं चाक या सगळ्यांना ती नाही म्हणते. खरी धडक झाली, तर एका सेकंदाच्या काही शतांश भागात हो म्हणते, आणि त्यानंतर साधारण तेवढ्याच वेळात एअरबॅग फुगून तयार होते. डोळ्याची पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो.

पण गाडी नुसती नवी असली की झालं, असं नाही. २०१४ मध्ये 'ग्लोबल एनकॅप' या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्यांची एअरबॅग नसलेली मॉडेलं याच ६४ च्या वेगाने आदळवली. पाचही गाड्यांना प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. तंत्र जगात होतं, पण ते आपल्यापर्यंत पोहोचवणं कोणाला बंधनकारक नव्हतं. मग ऑक्टोबर २०१७ पासून नव्या मॉडेलांना धडकेची चाचणी सक्तीची झाली आणि २०१८ च्या डिसेंबरात पुण्याजवळच्या रांजणगावात तयार होणाऱ्या टाटा नेक्सॉनने पाच तारे मिळवले. पाच वर्षांच्या आत शून्यापासून पाचापर्यंत! लोखंड तेच होतं. त्याच्याकडून काय मागायचं हे आपल्याला कळलं होतं.

इंजिनाची कथा मला याहूनही नवलाची वाटते, कारण तिथे मागितलं एक आणि मिळालं दुसरंच.

जुन्या गाडीत स्पार्क प्लगला ठिणगी देण्यासाठी 'पॉइंट' असायचे : एकमेकांना टेकणारे आणि सुटणारे दोन धातूचे ठिपके. चार सिलिंडरचं इंजिन किलोमीटरमागे अडीच हजार फेरे घेतं असं धरलं, तर पॉइंट किलोमीटरमागे पाच हजार वेळा उघडतात. मुंबईहून पुण्याला पोहोचेपर्यंत साडेसात लाख वेळा! काचकागदाने पॉइंट घासणारा मिस्त्री किती अफाट झिजेशी झगडत होता, ते या आकड्यावरून कळतं. आज त्या जागी एकमेकांना टेकणारं काहीच उरलेलं नाही. एक सेन्सर फिरत्या चक्राचे दात लांबूनच मोजतो.

आणि चोक! हिवाळ्यातल्या सकाळी चोक ओढला की इंजिनाला हवा कमी आणि पेट्रोल जास्त मिळायचं. थंड इंजिनात ते सगळं जळायचं नाही. उरलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून तिथलं ऑइल धुऊन न्यायचं आणि पिस्टनच्या रिंगा कोरड्या भिंतीवर घासायच्या. रोज सकाळी थोडं थोडं. मग एक दिवस इंजिनाचं काम निघायचं, बोअरिंग करावं लागायचं.

हे थांबवलं कोणी? हवा स्वच्छ ठेवायला निघालेल्या माणसांनी. गाडीच्या धुरातलं विष कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर १९९५ मध्ये मुंबईसह चार महानगरांतल्या नव्या पेट्रोल गाड्यांना सक्तीचा झाला. पण हा कन्व्हर्टर फार काटेकोर. त्याच्याकडून पुरतं काम करून घ्यायचं, तर एक ग्रॅम पेट्रोलला जवळजवळ नेमकी १४.७ ग्रॅम हवा लागते. कार्बोरेटरला इतकं नेमकं माप जमेना. म्हणून सायलेन्सरच्या वाटेवर ऑक्सिजन हुंगणारा सेन्सर आला, त्याचं ऐकून थेंबांचा हिशेब ठेवणारा संगणक आला, आणि इंजेक्शन आलं. कन्व्हर्टरला शिशाचं वावडं, म्हणून पेट्रोलमधलं शिसंही गेलं. २००० च्या फेब्रुवारीपासून देशभर शिसेविरहित पेट्रोल मिळू लागलं. शिसं गेल्याने प्लगवरचा थर गेला, मोजून पेट्रोल आल्याने ऑइल धुऊन जाणं थांबलं. शहरातल्या मुलांच्या फुप्फुसांसाठी केलेल्या नियमांनी इंजिनालाही आयुष्य दिलं.

तिसरी गोष्ट गंजाची. समुद्राकाठच्या गावात जुन्या गाडीचा तळ गंजून त्यातून रस्ता दिसू लागणं, हे अनेकांनी पाहिलं आहे. फवारलेला रंग दिसेल तिथेच बसायचा. पोकळ पट्ट्यांच्या आत, सांध्यांच्या कोपऱ्यांत तो पोहोचायचाच नाही, आणि गंज नेमका तिथून सुरू व्हायचा. आज गाडीचा अख्खा सांगाडा रंगाच्या हौदात बुडवतात आणि त्यातून वीज सोडतात. रंगाचे कण विजेच्या ओढीने पत्र्यावर जाऊन बसतात. यातली गंमत अशी, की बसलेला रंग वीज अडवतो. म्हणून जिथे थर पूर्ण झाला तिथून वीज वळते आणि अजून उघड्या असलेल्या जागा शोधत जाते : भोकाच्या कडेला, पोकळीच्या आत, पत्र्याच्या मागे. कोणी न सांगता रंग आपली राहिलेली जागा स्वतः हुडकतो! शेवटी सगळीकडे साधारण वीस मायक्रॉनचा, म्हणजे केसाहून पातळ, सारखा थर बसतो. गाडीचा दिसणारा रंग त्याच्यानंतर चढतो.

एवढं सारं सांगितल्यावर जुन्या गाडीचं श्रेय मी कमी करणार नाही. ती उघडता यायची. बॉनेट वर केलं की काय कुठे आहे ते दिसायचं, आणि दोन पाने, एक स्क्रूड्रायव्हर आणि जाणता हात एवढ्या भांडवलावर घाटातही ती पुन्हा चालू व्हायची. आज हेडलाइटची काच फुटली तरी बहुधा अख्खा दिवा बदलावा लागतो, आणि एखादा सेन्सर गेला तर स्कॅनर जोडल्याशिवाय दुखणं कळत नाही. दुरुस्तीचं ज्ञान रस्त्याकडेच्या गॅरेजमधून बंद डब्यांत गेलं, हे नुकसान खरं आहे आणि ते मला टोचतं. जुन्या गाड्या 'टिकायच्या' हेही पूर्ण सत्य नाही. त्या टिकवल्या जायच्या. आणि व्हिंटेज रॅलीत दिसते ती प्रत्येक जुनी गाडी वाचलेली असते. भंगारात गेलेल्या तिच्या शेकडो बहिणी साक्ष द्यायला येत नाहीत.

कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून कित्येक दशकं धावली. ती शेवटची रस्त्यावरून उतरली ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस, टॅक्सीसाठीची वीस वर्षांची मुदत संपल्यावर. वीस वर्षं टॅक्सी म्हणून चालणं सोपं नाही. त्यात जितकं श्रेय यंत्राचं, तितकंच ते रोज पुसणाऱ्या, ऐकणाऱ्या, दुरुस्त करणाऱ्या हातांचं. त्याच ऑक्टोबरच्या एक तारखेला भारताची स्वतःची तारे देणारी चाचणी, 'भारत एनकॅप', लागू झाली होती. एकाच महिन्यात एका जमान्याने निरोप घेतला आणि दुसऱ्याने मोजपट्टी हातात घेतली.

म्हणून आता शोरूममध्ये कोणी काका पत्रा दाबून मान हलवतात, तेव्हा मी वाद घालत नाही. त्यांचा अंगठा खरं तेच सांगत असतो, फक्त कातड्यापुरतं. मी त्यांना दार उघडून मधल्या खांबावर हात ठेवायला सांगतो. हा लालबुंद तापवून थंड केलाय काका, म्हणतो; पुढचं सगळं मोडेल, पण हा उभा राहील, आणि तुम्ही याच्या मागे बसलेले असाल.