शेताच्या चार बाजू आणि गणिताची पदवी

नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर बारामती व इंदापूर तालुक्यांतील शेती बहरली. परंतु या भागातील सर्वच शेते काटकोनी नाहीत. कुठे कालव्याचा भराव, कुठे ओढ्याचे वळण, तर कुठे तिरकी गाडीवाट ही शेताची हद्द ठरते. अशा शेताचे क्षेत्र अजमावताना समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून त्या दोन सरासऱ्यांचा गुणाकार करण्याची रीत खेडोपाडी परिचित आहे. ही रीत सोपी आहे. पण ती बरोबर आहे काय? हा प्रश्न विद्यार्थ्याने वर्गात विचारला, तर शिक्षकापाशी त्याचे उत्तर असावयास हवे.

एक उदाहरण घेऊ. ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद, म्हणजे १,०८९ चौरस फूट जमीन म्हणजे एक गुंठा. चारही बाजू ६६ फूट असलेला तुकडा काटकोनी असेल, तर त्याचे क्षेत्र बरोबर ४ गुंठे भरते. तोच तुकडा एका अंगास कललेला असून त्याचे समोरासमोरचे दोन कोन ६० अंशांचे असतील, तर क्षेत्र सुमारे ३,७७२ चौरस फूट, म्हणजे साडेतीन गुंठ्यांहूनही किंचित कमी होते. बाजू त्याच असल्यामुळे प्रचलित रीत मात्र दोन्ही वेळा ४ गुंठेच सांगते. या रीतीचे उत्तर केवळ आयताकृती शेतात अचूक येते. अन्य चौकोनात ते नेहमी वास्तवाहून अधिकच येते. साहजिकच, अशा अंदाजावर व्यवहार झाल्यास खरेदीदाराची हानी होते व भावाभावांच्या वाटणीत तंट्याचे बीज पडते. उपाय अवघड नाही. एक कर्ण मोजावा, शेताचे दोन त्रिकोण करावेत व त्यांच्या क्षेत्रांची बेरीज करावी. त्रिकोणाच्या तीन बाजू ठरल्या की त्याचे क्षेत्रही ठरते. चौकोनाचे तसे नाही.

ही गोष्ट आपल्या परंपरेस नवी नाही. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकातील ‘लीलावती’ ग्रंथात, कर्ण निश्चित नसताना केवळ चार बाजूंवरून चौकोनाचे निश्चित क्षेत्र विचारणाऱ्यास दोष दिला आहे. चाळीसगावजवळील पाटण येथील शिलालेखावरून, त्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याचे कळते. रीत शिकविण्याबरोबर तिची मर्यादाही सांगावी, हाच त्यामागील धडा होय.

बारामतीचे तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ साली सुरू झाले. इंदापूर येथेही कला, विज्ञान व वाणिज्य महाविद्यालय आहे. उच्च शिक्षण असे तालुक्याच्या ठिकाणी आल्यामुळे भावी शिक्षकाची घडण गावाजवळ होऊ शकते. गणिताच्या पदवी अभ्यासक्रमात सामान्यतः कलन, बीजगणित, भूमिती, विश्लेषण व समीकरणांचा अभ्यास असतो. शाळेत यांपैकी पुष्कळसे शिकवावयाचे नसते. मग त्याचा उपयोग काय, अशी शंका घेतली जाते. ओढ्याकडील वाकडी हद्द अरुंद पट्ट्यांत विभागून मोजता येते, याचे कारण कलनात मिळते. अंकांच्या बेरजेस ९ ने भाग गेला की संख्येसही जातो, कारण १०, १००, १००० यांना ९ ने भागल्यास प्रत्येक वेळी बाकी १ उरते; हे संख्यांच्या सिद्धांतात समजते. शालेय नियमांची अशी कारणे पदवीच्या वर्गातच हाती येतात.

माध्यमिक शाळेच्या शिक्षकास पदवीनंतर बी.एड. करावे लागते. तेथे अध्यापन कसे करावे, याचे शिक्षण मिळते. विषयाचा पाया मात्र पदवीनेच घातलेला असावा लागतो. ही दोन अंगे परस्परांपासून दूर राहिली, तर शिक्षक सूत्र फळ्यावर लिहितो, पण त्याचे कारण सांगू शकत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात विषय व अध्यापनशास्त्र यांचे एकत्र शिक्षण देणाऱ्या चार वर्षांच्या एकात्मिक बी.एड. वर भर आहे, तो याच कारणास्तव.

तथापि, सर्व काही धोरणावर सोपवून चालणार नाही. महाविद्यालयीन प्राध्यापकांनी आपल्या विषयाचा शालेय पाठाशी असलेला संबंध वर्गात स्पष्ट करावा. पदवीच्या विद्यार्थ्यांना जवळच्या शाळेत काही पाठ देण्याची संधी अधिकाऱ्यांनी व मुख्याध्यापकांनी मिळवून द्यावी. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत असणाऱ्या पंचायत सदस्यांनीही शाळेच्या पटांगणावर दोरी व फीत घेऊन मुलांकडून एखादा वाकडा चौकोन मोजवून घ्यावा. अधिकृत मोजणी भूमी अभिलेख खात्याचीच राहील. परंतु आपल्या जमिनीचा हिशेब स्वतः पडताळून पाहणारा नागरिक घडविणे, हे काम गणित शिक्षकाचे आहे. त्याची तयारी पदवीच्या पहिल्या वर्षापासूनच व्हावयास हवी.