रोमच्या उतरत्या काळांतील तांब्याचे पैसे

नाणीं जमविणें हा राजेरजवाड्यांचा, किंवा निदान सावकारांचा छंद, अशी समजूत आपल्याकडे रूढ आहे. होन, मोहरा, पुतळ्या यांच्या आजच्या किंमती ऐकल्या म्हणजे ती खरीहि वाटूं लागते. परंतु ज्या नाण्यांविषयीं मी आज वाचकांशीं चार शब्द बोलणार आहें, तीं सोळाशें-सतराशें वर्षांपूर्वीचीं व प्रत्यक्ष रोमन सम्राटांच्या मुखवट्याचीं असूनहि, त्यांतील बरींचशीं इंग्लंडांतील नाणेबाजारांत एखाद्या साध्या जेवणाच्या किंमतींत मिळतात. नोकरीच्या निमित्तानें मी कांहीं वर्षें लंडनमध्यें होतों. एका रविवारीं पाऊस चुकविण्यासाठीं अशा एका बाजारांत शिरलों आणि एका टोपलींतून चार नाणीं निवडून बाहेर पडलों. त्यांपैकीं एकाचा मीं स्वतःच्या हातानें घात केला. ती हकीकत पुढें येईलच.

इतकीं जुनीं नाणीं इतकीं स्वस्त कां? इ. स. २९४ च्या सुमारास सम्राट् डायोक्लीशन यानें ढांसळलेल्या चलनाची नवी घडी बसविली आणि सुमारें दहा ग्रॅम वजनाचें, म्हणजे आपल्या तोळ्याहून किंचित् कमी, असें एक मोठें नाणें पाडलें. तांबें, कथील व शिसें यांच्या मिश्रणांत नांवाला थोडी चांदी आणि वरून चांदीचाच पातळ मुलामा, असें त्याचें स्वरूप होतें. आपल्याकडे भांड्यांना कल्हई करीत त्यांतलाच हा प्रकार. आणि कल्हईप्रमाणेंच तो वापरानें लवकर उडून जाई. पुढें महागाई वाढली, तसें नाणें आटत गेलें. कॉन्स्टंटाइनच्या अखेरच्या वर्षांत त्याचें वजन दीड ग्रॅमच्या आसपास आलें, आणि चौथें शतक संपतां संपतां तर तें करंगळीच्या नखाएवढें उरलें. नाणें जितकें हलकें, तितकीं तीं अधिक लागणार, हें उघडच आहे. लंडनपासून अलेक्झांड्रियापर्यंत डझनाहून अधिक टांकसाळी रात्रंदिवस चालल्यासारख्या चालत होत्या. धामधुमीच्या दिवसांत लोकांनीं हे पैसे मडक्यांत घालून जमिनींत पुरले, आणि पुरणारे कित्येकदां परत आलेच नाहींत. २०१३ सालीं इंग्लंडच्या डेव्हन परगण्यांत २२,८८८ नाण्यांचा एकच ठेवा सांपडला. २०१६ सालीं स्पेनमध्यें सेव्हिलजवळ तोमारेस येथें चर खणणाऱ्या मजुरांना एकोणीस रांजण लागले. त्यांतील नाण्यांचें वजन सुमारें ६०० किलो भरलें! मग टोपलींत पैसे कां मिळणार नाहींत?

हें आटणें नाण्यांवरच वाचतां येतें, आणि मला त्यांतच मोठी मौज वाटते. कॉन्स्टंटाइननें ३३० सालीं आपल्या नव्या राजधानीची प्रतिष्ठापना केली. त्या सुमारास ‘सेनेचा गौरव’ अशा अर्थाच्या लॅटिन अक्षरांचें एक नाणें निघालें. त्यावर दोन शिपाई भाले घेऊन उभे आहेत आणि त्यांच्यामध्यें दोन निशाणें आहेत. पांच वर्षांनीं नाणें आणखी लहान झालें. शिपाई दोघेच राहिले, निशाण मात्र एकच उरलें. दुसऱ्याला जागाच नव्हती! पुढें ३४८ सालीं कॉन्स्टंटाइनच्या पुत्रांनीं ‘सुखाचे दिवस परत आले’ अशी द्वाही फिरविणारें नाणें काढलें. त्यावर रोमन शिपाई घोड्यावरून कोसळणाऱ्या शत्रूला भाला मारीत आहे. दहा वर्षांच्या आंत तें नाणेंहि जवळजवळ निम्म्या वजनावर आलें. सरकारी जाहिरात आणि सामान्य माणसाच्या हातांतील पैसा यांचा संबंध त्या काळींहि असाच होता, एवढेंच येथें म्हणतों.

आतां माझ्या चार नाण्यांतील जें मला सर्वांत प्रिय आहे, त्याकडे वळतों. एका बाजूस तरुणाचा मुखवटा आणि भोंवतीं ‘क्रिस्पस नोबिल सी’, म्हणजे महाकुलीन युवराज क्रिस्पस, हीं अक्षरें आहेत. दुसऱ्या बाजूस वेदी, वेदीवर गोल, त्यावर तीन तारे, आणि भोंवतीं ‘आनंदमय शांति’ अशा अर्थाचे शब्द. पायथ्याच्या रेघेखालीं पी, एल, ओ, एन हीं चार अक्षरें. पहिलें अक्षर कारखान्याचें, उरलेलीं तीन लंडनचीं. ही टांकसाळ ३२५ सालीं बंद झाली. ज्या शहरांत मीं तें नाणें विकत घेतलें, त्याच शहरांत सतराशें वर्षांपूर्वीं तें पाडलें गेलें होतें, हें कळलें त्या रात्रीं मला लवकर झोंप आली नाहीं.

क्रिस्पस हा कॉन्स्टंटाइनचा थोरला मुलगा, आई मिनर्व्हिना. ३१७ सालीं तो पोरसवदा असतांनाच त्याला युवराजपद मिळालें. गॉल प्रांताचा कारभार त्याच्याकडे होता. ३२४ सालीं हेलेस्पाँटच्या सामुद्रधुनींत त्यानें पित्याचा प्रतिस्पर्धी लिसिनिअस याच्या आरमाराचा मोड केला. त्यानंतर दोनच वर्षांनीं पित्याच्या आज्ञेनें पोला येथें, म्हणजे आजच्या क्रोएशियांतील पुला या बंदरीं, त्याचा वध झाला. थोड्याच दिवसांत त्याची सावत्र आई फाउस्टा हिचाहि अंत करण्यांत आला. कारणाविषयीं प्राचीन ग्रंथकारांत एकवाक्यता नाहीं. कांहींनीं सावत्र आईच्या खोट्या आळाची गोष्ट सांगितली आहे. अशोकपुत्र कुणाल व तिष्यरक्षिता यांची कथा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ती ओळखीची वाटेल. आणि ओळखीची वाटते म्हणूनच मला तिच्याविषयीं थोडा संशय येतो.

माझ्या नाण्यावरील वेदीवर एक मजकूर कोरला आहे: ‘वीस वर्षांसाठीं नवस’. सम्राटाच्या राज्याला वीस वर्षें पुरीं व्हावींत म्हणून बोललेला हा नवस. तीं पुरीं झालीं आणि रोममध्यें त्यांचा सोहळा झाला, तो ३२६ सालीं. म्हणजे ज्या वर्षीं क्रिस्पस मारला गेला त्याच वर्षीं. नवस फेडावयास मुलगा राहिला नाहीं.

वधानंतर शिलालेखांवरून त्याचें नांव खरवडून काढलें गेलें. युसेबिअस नांवाच्या धर्मपंडितानें पूर्वीच्या ग्रंथांत या राजपुत्राची स्तुति केली होती. पुढें कॉन्स्टंटाइनचें चरित्र लिहितांना त्यानें त्याचें नांवहि घेतलें नाहीं. दगडावरील अक्षर छिन्नीनें पुसतां येतें, पण भाजीबाजारांत, खानावळींत, शिपायांच्या कमरेला पसरलेले लाखों पैसे कोण गोळा करीत बसणार? त्यामुळें पित्यानें पुसलेला मुलगा आज पांच-दहा पौंडांना मिळतो.

आतां माझा अपराध. चार नाण्यांपैकीं एकावर मातीचा जाड थर होता आणि त्यांतून एका स्त्रीचें मस्तक व मानेवरचा अंबाडा तेवढा दिसत होता. तांब्याची भांडीं चिंचेनें लखलखीत होतात, हें मी लहानपणापासून पाहत आलों होतों. मीं वाटींत चिंच कोळली, चिमूटभर मीठ घातलें आणि नाणें रात्रभर भिजत ठेवलें. सकाळीं तें गुलाबी, नव्या घागरीसारखें चकचकीत झालें होतें; मात्र त्यावर एकहि अक्षर उरलें नव्हतें! जुन्या कांशावर शतकानुशतकें जी हिरवी-तपकिरी पापुद्र्यासारखी कांति चढते, तिच्यांतच पुष्कळदां अक्षरांच्या कडा जिवंत असतात. खालचा धातु केव्हांच झिजून भुसभुशीत झालेला असतो. आम्लानें ती कांति गेली, कीं सर्व गेलें. तें नाणें सम्राटाची माता हेलेना हिचें असेल किंवा फाउस्टाचें. फाउस्टाच्या नाण्यांवर मागील बाजूस ती दोन तान्हीं मुलें कडेवर घेऊन उभी असते. माझ्या नाण्यावर एक धूसर उभी आकृति तेवढी उरली आहे. हातांत मुलें आहेत कीं फांदी, हें आतां कोणालाच सांगतां यावयाचें नाहीं.

योग्य रीत सोपी, पण धिमी आहे. ऊर्ध्वपातित पाण्यांत नाणें आठवडेच्या आठवडे ठेवावें, पाणी बदलीत जावें, आणि भिंगाखालीं लांकडी काडीनें कणाकणानें माती काढावी. अधीर माणसानें या वाटेस जाऊंच नये.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. माझ्या चारहि नाण्यांबरोबर तीं कोठें सांपडलीं याचा एक शब्दहि मला मिळाला नाहीं, आणि त्या वेळीं मीं विचारलाहि नाहीं. बाल्कन देशांतून चोरट्या खोदकामाचा माल पश्चिमेकडे गेला आहे, हें सर्वश्रुत आहे. ठेवा फुटून नाणीं टोपलींत पडलीं, कीं तो कोणीं, केव्हां व कोणत्या भीतीनें पुरला, हें शोधण्याची वाट बंद होते. आपल्या दक्षिणेंत मदुरेच्या आसपास व सिंहलद्वीपांतहि याच जातीचे झिजलेले पैसे पुष्कळ सांपडले आहेत, आणि तेथील लोकांनीं त्यांच्या नकलाहि पाडल्या. तीं नाणीं जागच्या जागीं नोंदलीं गेलीं म्हणूनच त्या व्यापाराविषयीं आपणांस कांहीं कळतें. जमिनींत मिळालेला ठेवा सरकारास कळविण्याचा कायदा आपल्याकडे १८७८ पासून आहे, आणि १९७२ च्या कायद्यानें शंभर वर्षांवरील नाणें पुराणवस्तु ठरतें व तें देशाबाहेर पाठवितां येत नाहीं. आतां मी मूळ स्थानाचा कागद असल्याशिवाय एकहि नाणें घेत नाहीं. त्यामुळें गेल्या सहा वर्षांत माझ्या संग्रहांत फक्त तीन नाण्यांची भर पडली आहे.

मुंबईस परत आल्यापासून पावसाळ्याची धास्ती असते. दमट हवेंत या धातूला एक रोग जडतो. फिकट हिरवी भुकटी सुटते आणि नाणें आंतून खाऊन टाकते. गेल्या आषाढांत क्रिस्पसच्या हनुवटीखालीं तसा एक ठिपका दिसला. तो काडीनें काढला, नाणें पाण्यांतून काढून नीट वाळविलें आणि ओल शोषणाऱ्या खड्यांच्या पुडीसह डबींत ठेवलें. त्याच डबींत, वेगळ्या कागदांत गुंडाळून, तें अंबाड्याचें नाणेंहि आहे. कागदावर नांवाची जागा मीं कोरी ठेवली आहे, आणि दर पंधरवड्यास डबी उघडून ठिपका परत आला आहे कीं काय तें पाहतों.