चहाची धार गोठते तेव्हा...

किटलीतून कपात पडणारा चहा त्या जर्मन महिलेला हिमनदीसारखा गोठलेला दिसे. धार हलताना दिसत नसे, कपातील पातळी चढताना दिसत नसे. त्यामुळे ओतणे केव्हा थांबवावे, हे तिला उमगत नसे. खोलीत माणसे चालू लागली की ती अस्वस्थ होई. कारण आत्ता इथे असलेला माणूस पुढच्या क्षणी तिथे असे, मधला प्रवास मात्र तिच्या दृष्टीला पडतच नसे. सर्वांत बिकट प्रसंग रस्ता ओलांडण्याचा. दूर वाटणारी मोटार पाऊल उचलेपर्यंत एकाएकी अंगाशी आलेली असे.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मेंदूतील रक्तवाहिनीत गुठळी होऊन तिच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंना इजा झाली होती. म्युनिक येथील योझेफ झील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये तिची हकिगत शास्त्रीय नियतकालिकात मांडली. विशेष म्हणजे तिचे डोळे उत्तम होते. रंग ओळखता येत, वस्तू ओळखता येत, वाचताही येई. हरवली होती ती केवळ गती.

डोळा म्हणजे कॅमेरा, ही शाळेत शिकवली जाणारी उपमा इथे पार कोलमडते. वस्तू आधी कुठे होती आणि नंतर कुठे गेली, यावरून मेंदू गतीचे अनुमान काढत असावा, अशी आपली सर्वसाधारण समजूत. तसे असते, तर आकार आणि जागा नीट दिसणाऱ्या या महिलेला गतीही दिसायला हवी होती. ती दिसली नाही, याचा अर्थ मेंदूत गतीसाठी स्वतंत्र व्यवस्था असली पाहिजे.

त्या व्यवस्थेचा सुगावा माकडांच्या मेंदूत आधीच लागला होता. १९७१ च्या सुमारास जॉन ऑलमन आणि जॉन कास यांनी अमेरिका खंडातील निशाचर माकडांत, तर सेमीर झेकी यांनी आशियाई मकाक माकडांत मेंदूच्या बाह्य थरातील एका लहानशा क्षेत्राचा अभ्यास केला. त्याला 'एमटी' किंवा 'व्ही-५' म्हणतात. येथील बहुसंख्य चेतापेशी दिशेच्या बाबतीत कमालीच्या चोखंदळ असतात. एखादी पेशी उजवीकडे सरकणाऱ्या ठिपक्यांना जोरदार प्रतिसाद देते, पण तेच ठिपके डावीकडे सरकू लागले की जवळजवळ मूक होते. रंगाशी बहुतेकींना फारसे कर्तव्य नसते. मानवी मेंदूतही असेच क्षेत्र असल्याचे पुढे मेंदूच्या प्रतिमांतून स्पष्ट झाले.

हे काम वाटते तितके सोपे नाही. डोळ्यांकडून येणारा संदेश प्रथम मेंदूच्या मागील बाजूच्या प्राथमिक दृष्टिक्षेत्रात पोहोचतो. तेथील प्रत्येक पेशीला दृश्याचा इवलासा तुकडाच दिसतो. भिंतीतील वाटोळ्या भोकातून पलीकडच्या तिरप्या काठीचा केवळ मधला भाग दिसत असेल, तर काठी आडवी सरकते आहे की उभी, हे सांगता येत नाही. दोन्ही वेळा दृश्य सारखेच. प्राथमिक क्षेत्रातील पेशींची नेमकी हीच अडचण असते. अँथनी मोव्हशन आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये दाखवले, की एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या पट्ट्यांची जाळी सरकवली, तर प्राथमिक क्षेत्रातील पेशी सुट्या पट्ट्यांची दिशा सांगतात. 'एमटी'मधील काही पेशी मात्र अख्ख्या जाळीची. तुकड्यांची अर्धवट साक्ष जुळवून निवाडा इथे होतो.

हा निवाडाच माकडाला 'दिसतो' का? विल्यम न्यूसम यांच्या प्रयोगशाळेत याचा छडा लागला. पडद्यावर सैरावैरा नाचणाऱ्या ठिपक्यांपैकी काही थोडेच एका दिशेने सरकत. ती दिशा माकडाने नजर वळवून सांगायची, उत्तर बरोबर आले की पेयाचा घोट बक्षीस. 'एमटी'मध्ये समान दिशेच्या पेशी शेजारी-शेजारी वसलेल्या असतात. १९९० मध्ये या संशोधकांनी अशाच एका समूहाला अत्यंत सौम्य विद्युतप्रवाह दिला. पडद्यावरील ठिपके तेच राहिले, पण माकडाचा कौल त्या समूहाच्या आवडत्या दिशेकडे झुकला. पेशींच्या कुजबुजीचा आणि प्राण्याच्या निर्णयाचा संबंध इतक्या थेटपणे दाखवणारे प्रयोग विरळाच.

या पेशींचे अस्तित्व प्रयोगशाळेबाहेरही जाणवू शकते. १८३४ मध्ये रॉबर्ट ॲडम्स यांनी स्कॉटलंडमधील फॉयर्स धबधब्याकडे बराच वेळ टक लावून पाहिले आणि मग शेजारच्या खडकाकडे नजर वळवली. खडक वर चढताना दिसला! खाली जाणाऱ्या गतीच्या पेशी सततच्या प्रतिसादाने मंदावतात आणि विरुद्ध दिशेच्या पेशींचे पारडे जड होते, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते. वाहत्या पाण्याकडे मिनिटभर एकटक पाहणाऱ्या कोणालाही हा अनुभव घेता येईल.

'एमटी'ला मर्यादित इजा केलेल्या माकडांची गती ओळखण्याची क्षमता काही दिवसांत वा आठवड्यांत बरीचशी सावरते, असे न्यूसम यांनाच आढळले होते. म्युनिकच्या महिलेच्या मेंदूतील इजा दोन्ही बाजूंना आणि मोठी होती. तिची दृष्टी तशी सावरली नाही. कानाने गती ओळखण्याची शक्ती मात्र शाबूत होती. येणाऱ्या मोटारीचा आवाज किती वाढला, यावरून तिचे अंतर जोखायला ती हळूहळू शिकली आणि पुढे त्याच आधाराने रस्ता ओलांडू लागली.