एक नंबरची कुस्ती आणि चुकवलेली गोळी

कागलहून कोल्हापूरला, खासबाग मैदानात कुस्ती बघायला निघालेला साठीचा शौकीन सकाळीच हिशेब करतो. लघवीला उठलं की जागा गेली; म्हणून रक्तदाबाची गोळी आज नको, पाणीही बेतानंच. जागेचं म्हणणं खोटं नाही. शाहू महाराजांच्या या मैदानात १९१२पासून हेच चालत आलंय. पण गोळी चुकवायला याहून वाईट दिवस नाही.

हलगी कडाडते, जोड भिडते, तेव्हा बघणाऱ्याच्या अंगातही अॅड्रेनालिन वाढतं. नाडी धावते, रक्तदाब चढतो. जर्मनीतल्या २००६च्या फुटबॉल विश्वचषकावेळी म्युनिक परिसरातल्या डॉक्टरांनी नोंदी ठेवल्या. जर्मन संघाच्या सामन्यांदिवशी हृदयविकाराच्या तातडीच्या घटना २.६६ पट झाल्या, पुरुषांत ३.२६ पट. खेळणाऱ्यांच्या नव्हे, बघणाऱ्यांच्या! आधीच हृदयविकार असलेल्यांना धोका अधिक होता.

लघवी वाढवणाऱ्या गोळीची वेळ डॉक्टरांना विचारून बदलता येते. नाडी मंद ठेवणारी गोळी मात्र एकाएकी बंद केली, तर रक्तदाब उसळू शकतो, छातीतही दुखू शकतं.

खरी अडचण संध्याकाळी येते. छातीवर दाब, घाम, डावा हात किंवा जबडा भरून येणं. शेजारी म्हणतो, ‘तात्या, पित्त खवळलंय, सोडा प्या.’ एक नंबरची कुस्ती शेवटी असते. तेवढी बघून जाऊ म्हणता म्हणता तास जातो आणि त्या तासात हृदयाचा स्नायू मरत असतो. अशा वेळी दुचाकीवरून कागल गाठायचं नाही. १०८ला फोन लावायचा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत तात्यांना बसवून ठेवायचं.